वामनशेठनी घरी केलेला बाक

शिरवण्याच्या वामनशेठ मढवींना तुम्ही ओळखत नसाल, पण त्यांच्या बाकावर तुमचं बूड कधी ना कधी टेकलंय, यावर माझी पैज. नेरूळ-जुईनगरकडे सोसायटीच्या बागेत फुटक्या टाईलचे रंगीत तुकडे जोडून केलेला बाक दिसला की खुशाल समजा, वामनशेठचा. बाकच कशाला, गच्चीवरची टेबलं, तुळशीजवळचे कट्टे, झाडाभोवतीचे गोल ओटे, सगळं करायचे. आणि शेठ म्हणजे पैसेवाला नाही हं! या गावांत मिशी पिकली आणि चारचौघांत ओरडून बोलता यायला लागलं की माणूस शेठ होतो. वामनशेठना ओरडता येत नाही, पण मिशी जोरदार, म्हणून पास केलं असणार.

आमच्या सोसायटीत ते कामाला आले तेव्हा मी रोज चहाचं निमित्त काढून खाली जायचे. आमचे हे म्हणायचे, "मीना, तो माणूस काम करतोय, त्याला करू दे." पण बघण्यासारखंच असायचं हो ते. खाली विटांचं बांधकाम, वर सळ्या टाकून ओतलेली काँक्रीटची फळी, आणि मग त्या फळीवर टाईलचे तुकडे. पकडीने टाईल कुटकुट तोडायची, तुकडा हातात फिरवून बघायचा, नाही बसला की बाजूला, दुसरा. तोंडाने सारखं त्या तुकड्यांशी बोलणं. "ये बाबा, तू हिकरं ये. तुजी जागा नाय ती." मी म्हटलं, "शेठ, घरी बायकोशी बोलता का एवढं?" तर म्हणाले, "ती कुठं बोलू देते?"

सगळ्यात मजा शेवटी. बाक पुरा झाला की वामनशेठ त्याची परीक्षा घेत. हाताने चाचपून भागायचं नाही. पँट काढून पातळ लुंगी नेसायची आणि बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बसल्या-बसल्या घसरत जायचं. कुठे टाईलची कड टोचली की तिथे खडूची खूण, आणि मग दगडाने घासायचं. आमच्या सोसायटीतल्या बायका बाल्कनीतून तोंडावर पदर, ओढणी, जे असेल ते धरून हसत होत्या. मी डायरेक्ट खाली जाऊन विचारलं, "काय शेठ, पास की नापास?" ते मान खाली घालून म्हणाले, "बायामानसं बसतात ताय. साडी अडकाला नको."

त्यांची बायको धोंडूबाई. ती त्यांच्यासारखी नाही हं, वीज होती वीज! मासळी विकायची. आमची ओळख तिच्या नवऱ्याच्याही आधीची. पाटावर मांडी ठोकून बसलेली, पुढ्यात कोयता, डोक्यात अबोलीची वेणी, आणि जीभ कोयत्याहून तेज.

"काय गं धोंडूबाई, हे पापलेट आहे की पापलेटची आजी?"

"घ्या की मीनाताय. तुमच्यापरीस तरनीच हाय."

असं आमचं चालायचं. मी भाव पाडणार, ती माझं वय वाढवणार.

एकदा आमच्या बागेत ती आली. नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. बाक नुकताच तयार झालेला. मी म्हटलं, ये, बस जरा. ती बसली. पाय खाली सोडून बसली आणि अगदी गप्प झाली. धोंडूबाई गप्प म्हणजे मला टेन्शनच आलं.

"काय झालं गं?"

"काय नाय. मीनाताय, मी अशी कदी बसलेच नाय. जल्मभर खालीच. पाटावर. सगली दुनिया माज्याशी वाकून बोलते, नायतर उभ्यानं वरडते. असं तोंडासमोर तोंड करून कोनी बोललाच नाय." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आवं, गावाला बसवलात. माज्या दाराशी कवा एक बांधाल?"

"बांधू की," वामनशेठ म्हणाले.

आता 'बांधू की' म्हणजे काय, ते नवरा असलेल्या बाईला मी समजवायला नको. पावणे गावाकडच्या कुठल्या कारखान्याची बाग आली, कुणाच्या फार्महाऊसची टेबलं आली, शाळेचा ओटा आला. घरचं काम आपलं घरचंच, कुठे पळून जातंय? धोंडूबाई दर सणाला आठवण करून द्यायची, ते दर सणाला 'बांधू की' म्हणायचे. वर्षं गेली.

मग धोंडूबाई बाजारात दिसेनाशी झाली. तिच्या जागेवर दुसरीच कोण बसलेली. मी विचारलं तर ती म्हणाली, पोटाचं दुखणं निघालंय, मोठं. मोठं म्हटल्यावर मी पुढे विचारलं नाही. तडक गेले शिरवण्याला.

गल्लीत सगळीकडे चार-चार मजले चढलेले, मधेच यांचं बसकं घर. आत खाटेवर धोंडूबाई. मी उंबऱ्यातच थांबले. भरल्या अंगाची बाई, हातात चुडा रुतायचा, तो चुडा आता कोपरापर्यंत घसरत होता. लेक रुतिका तळवलीला दिलेली, ती येऊन राहिली होती आईपाशी. डोळ्यांनीच मला म्हणाली, काय बोलू नका.

पण धोंडूबाईच बोलली. "या मीनाताय. बगा, बारीक झाले. तुमी ते फेऱ्या मारता ना सोसायटीत, काय उपेग नाय. हे करा."

मी हसले. काय करणार? हसायचंच असतं तिच्यापुढे.

दुसऱ्या दिवशी वामनशेठनी हातातली सगळी कामं सोडली आणि दारासमोर, भिंतीला धरून, विटांचा पहिला थर लावला. कुणी विचारलं तर सांगायचे, "घरचा हाय." एवढंच.

नक्षी कसली काढू, म्हणून त्यांनी तिला विचारलं. कोळंबी काढू? पापलेट? ती म्हणाली, "मासली नको. जल्मभर मासलीच बगली. मना अबोलीची येनी काडा. अशी लांब, या टोकापासून त्या टोकापरत."

झालं! अबोलीचा रंग आणायचा कुठून? हल्ली टाईल कसल्या येतात माहितीय ना? राखाडी, पांढरी, नाहीतर लाकडासारखी दिसणारी. सगळ्या घरांचं हॉस्पिटल करून ठेवलंय. वामनशेठ तुर्भ्याची गोदामं फिरले, पावण्याचा भंगारमाल उपसला. लाल मिळे, पिवळी मिळे, अबोली काही मिळेना. शेवटी माझ्याकडे आले आणि चप्पल पायात घालून-काढून, घालून-काढून म्हणाले, "ताय, तुमच्या न्हानीच्या टाईल..."

आमच्या न्हाणीच्या टाईल! कामाच्या वेळी हात धुवायला आले तेव्हा हेरल्या असणार. घर घेतलं तेव्हा बिल्डरने लावलेल्या भडक नारिंगी. पंचवीस वर्षं मी त्यांच्या नावाने बोटं मोडली. आमचे हे म्हणायचे, चांगल्या आहेत, कशाला तोडायच्या? आता वामनशेठ समोर उभे राहिल्यावर बिचाऱ्यांनी एका शब्दानेही अडवलं नाही, उलट स्वतः हातोडी धरायला निघाले. वामनशेठनी एकेक टाईल अशी सोडवली, जशी काय झोपलेल्या पोराच्या अंगावरची चादर काढतायत. मी धोंडूबाईला जाऊन सांगितलं, "बघ बाई, माझी न्हाणी तुझ्या डोक्यात माळतोय तुझा नवरा." ती इतकी हसली की रुतिका धावत आली.

बाक झाला. आणि काय झाला म्हणून सांगू! मागची पांढरीशुभ्र पाठ, बसायच्या फळीवर हिरवे देठ आणि नारिंगी फुलं, आखूड-लांब, एकात एक गुंतलेली. खरीच वेणी कुणीतरी विसरून गेलंय असं वाटायचं. लुंगी नेसून परीक्षापण झाली. पास.

पण बसायचं नाही! वर गोणपाट. सकाळ-संध्याकाळ पाणी.

"पानी पिऊ दे त्याला," वामनशेठ म्हणायचे. "कच्च्यावर बसाचं नाय."

आत धोंडूबाई वाट बघतेय, बाहेर हे पाणी मारतायत. मी रोज जाऊन गोणपाट बघून यायचे. रुतिका कुरकुरायची, "बाबा, झालं की आता." ते आपले बादली घेऊन उभे. शेवटी मीच त्यांना गाठलं. म्हटलं, "शेठ, आमच्या सोसायटीचा बाक यापेक्षा कितीतरी आधी उघडलात तुम्ही. हे कसलं सिमेंट, सारखी तहान लागते त्याला?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकावर बसाचं बाकी हाय तवर ती थांबल ना, ताय."

मी बादली घेतली त्यांच्या हातातून आणि दोन तांबे मीपण ओतले.

गोणपाट काढलं ते धोंडूबाईनेच. एका सकाळी नवरा पाणी आणायला मागच्या दारी गेलेला, ती भिंत धरधरून बाहेर आली आणि एका हिसक्यात गोणपाट खाली ओढलं. "तुमचा सिमेट पिकंपरत मीच पिकून गळून जाईन," असं ओरडली म्हणे. ओरडली म्हणजे काय, आवाज होता कुठे? पण अख्ख्या गल्लीने ऐकलं.

संध्याकाळी मला बोलावणं. मी अबोलीची वेणी घेऊन गेले. रुतिकाने आईला नवं लुगडं नेसवलं, केस उरले होते तेवढ्यात वेणी अडकवली. गल्लीतल्या बाया जमल्या. वामनशेठ एका बाजूला उभे, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही अशासारखे. धोंडूबाई आली, बसली. पाय खाली सोडले. समोर शेजारीण उभी होती, तिच्या तोंडाकडे सरळ बघून म्हणाली, "काय गं, जेवलीस का?" सगळ्या हसल्या.

"कसा हाय?" वामनशेठनी विचारलं.

"मस्त हाय," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले होते. तिचा हात बाकाच्या कडेवर होता. बोटं पांढरी पडलेली. इतक्या जोरात तिने ती कड धरली होती, की मला वाटलं टाईल उचकटून येईल. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या अंगावर मांसच नव्हतं हो! आपण बसतो ते आपल्या मांसावर बसतो, हे कुणाच्या लक्षात असतं? ती हाडांवर बसली होती. दगडावर हाडं. मी हळूच म्हटलं, "धोंडूबाई, गोधडी घालू का खाली?"

ती ओठ न हलवता पुटपुटली, "गप ऱ्हा. फुलं झाकतील. त्याना बगू दे."

मग रोजचंच झालं. वामनशेठ पुन्हा कामाला जायला लागले होते, कारण तिनेच हाकललं, "माज्या तोंडाकडं काय बगत बसलाव?" म्हणून. दिवसभर ती खाटेवर कुशीवर पडून असायची. पाठीवर झोपता येत नव्हतं. आणि संध्याकाळी त्यांच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की उठायची. रुतिकाचा हात धरून बाहेर, बाकावर. ते स्कूटर लावून वळायच्या आत ही बसलेली, पाय सोडून, हसत. मला वाटतं, दिवसभराची सगळी ताकद ती तेवढ्यासाठी राखून ठेवायची. ते हातपाय धुवून शेजारी बसायचे. दिवसभराचं सांगायचे, कुणाची गच्ची, कुठली टाईल. ती ऐकायची, मधेच टोमणा मारायची. ते चहा ठेवायला आत गेले की ही बाजूला कलंडायची, आले की परत सरळ.

मी घरी जाड उशी शिवली, त्याच रंगाची. ती तिने खाटेखाली सरकवून दिली. रुतिका रडायची. आईला आंघोळ घालताना काळेनिळे डाग दिसायचे तिला. एकदा माझ्यासमोर म्हणाली, "आये, मी आज सांगते बाबाला. बास झालं."

"सांगशील तर बग, माजी आन हाय तुला," धोंडूबाई म्हणाली. "इतकी वरसं मागितला मी त्याच्याकडं. आता दिला, तर तो टोचतो म्हनून सांगू? मंग तो काय खाईल, काय झोपल?"

मग माझ्याकडे वळली. "तुमालापन आन, मीनाताय. तुमची तोंडाची टाकी फुटकी हाय, मना ठावं हाय."

मी जिंदगीत कुणाचं गुपित ठेवलेलं नाही. हे ठेवलं.

लग्नसराई सुरू झाली. त्या दिवशी गल्लीच्या पलीकडच्या टोकाला एका घरी हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे तुम्हाला माहितीच असेल, नवऱ्यामुलाला हळद कमी आणि डीजे जास्त. संध्याकाळपासून भिंती थरथरत होत्या. रुतिका औषध आणायला गेलेली, मी धोंडूबाईपाशी बसले होते. त्या गोंगाटात स्कूटरचा आवाज ऐकूच आला नाही. वामनशेठ एकदम दारात. धोंडूबाई गडबडीने उठायला गेली आणि उंबऱ्यापाशीच चौकट धरून लटकली. पाय उचलेना.

"कुठं निगालीस?"

"बसाला. बाकावर."

"थांब," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला उचललं. मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच उचललं असेल. उचलल्याबरोबर त्यांच्या तोंडावर जे आलं ना, ते मी सांगू शकत नाही. भरलेली घागर समजून उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसं काहीतरी. बाहेर नेऊन त्यांनी तिला बाकावर ठेवलं. फार हळू ठेवलं. तरी तिच्या तोंडून निघालंच, "आये गं!"

डीजे वाजत होता, पण ते त्यांना ऐकू आलं. तिच्या खालचा हात त्यांनी काढलाच नाही. तिचं हाड आणि त्यांची टाईल, यांच्यामध्ये तळहात तसाच राहिला. वाकलेलेच राहिले ते. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान फिरवली. तेवढ्यात त्यांना सगळं समजलं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

तिने लुगड्याचा पदर सारखा केला.

"रोज अशीच बसायचीस?"

"तुमी आल्यावरच फकस्त," ती म्हणाली. जणू काही तेवढ्याने ते कमी होणार होतं!

वामनशेठच्या मिशीतून पाणी गळायला लागलं. "मी माज्या बुडानं बगितला गं," ते म्हणाले. "माज्या बुडानं. तुजा इचारच नाय केला."

"लय मोटा बूड हाय तुमचा," ती म्हणाली. "तुमाला काय कलनार?"

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. माझं असंच आहे.

मी उशी आणायला आत वळले. खाटेखालून काढून बाहेर येते, तर वामनशेठ स्वतःच बाकावर बसलेले आणि धोंडूबाई त्यांच्या मांडीवर. पोराला घेतात तशी. आता तुम्हाला कसं सांगू हे? या गावात नवरा-बायको रस्त्याने चालले तरी मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवतात. वामनशेठनी चारचौघांत बायकोचं नाव घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आणि आता भर गल्लीत, हळदीला निघालेल्या पाहुण्यांच्या देखत, तिला मांडीवर घेऊन बसलेले.

धोंडूबाई त्यांच्या छातीवर बुक्की मारत होती. "सोडा. लाज नाय वाटत? अख्खी गल्ली बगते."

"बगू दे."

"उतरवा मना. म्हाताऱ्या, येडा झाला का?"

"गप बस," ते म्हणाले. "आता तरी नीट बस."

ती गप्प बसली. दोघांच्या खाली ती नारिंगी फुलं सगळी झाकून गेली होती. ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून जरा वेळ गल्ली बघत राहिली. जाणाऱ्या बायांना म्हणत होती, "हलदीला चाललाव? जा जा. माजा बी आशीर्वाद सांगा पोराला." मग बोलता-बोलता तिचे डोळे मिटले. मी घाबरून जवळ गेले. वामनशेठनी डोळ्यांनी खूण केली, झोपलीय. किती दिवसांनी झोपली होती, देव जाणे.

तो डीजे एवढा दणदणत होता आणि ती झोपली होती. तेवढ्यात रुतिका आली. तिने बघितलं, औषधाची पिशवी माझ्या हातात दिली आणि तडक हळदीच्या घरी गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. पण आगऱ्यांच्या हळदीत डीजे मधेच बंद पडलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. लाईट गेली की काय, म्हणून लोक बघायला आले आणि बाकापाशी येऊन आवाज खाली करून परत फिरले. नवऱ्यामुलाची आई जेवणाचे दोन द्रोण घेऊन आली, ते माझ्या हातात देऊन पायाच्या बोटांवर चालत गेली.

अंधार पडला तरी वामनशेठ हलले नाहीत. मी म्हटलं, "शेठ, पाय बधिर झाले असतील. आत निजवू या तिला."

त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून.

त्यानंतर धोंडूबाई फार दिवस राहिली नाही. खाटेवरच गेली, सकाळच्या वेळी, रुतिकाच्या हातून चहाचा एक घोट घेऊन.

वामनशेठ आता पुन्हा कामं घेतात. परवा आमच्याकडे आले होते, गच्चीवरच्या टेबलाचं एक टोक उखडलंय ते बघायला. जिना चढताना डावा पाय ओढत होते. मी म्हटलं, काय झालं? तर त्या संध्याकाळपासून मांडीला एका जागी बधिरपणा आहे, गेलाच नाही. डॉक्टर म्हणाले, शीर दबलीय, गोळ्या घ्या, मोकळी होईल.

"मग घेता ना?" मी दरडावून विचारलं.

"आनल्यात," ते म्हणाले, आणि टेबलाच्या टोकावर हात फिरवायला लागले. "पन नाय खात, ताय. राऊ दे तेवडं."

मी चहा टाकायला खाली आले.